वाळवंटाची हवा आणि परागज्वर

रोगानें पिच्छा पुरविला आणि औषधानें गुण येईना, म्हणजे माणसास स्थलांतराची आठवण होते. आपल्याकडे क्षयी रोग्यास पांचगणीस नेत असत. युरोपांतील धनिक रोगी आल्प्स पर्वतांतील दावोसला जाऊन राहात. हवापालटाच्या या जुन्या उपायाच्या मुळाशीं एक न बोललेलें गृहीत तत्त्व असतें. तें असें कीं, हवा हा स्थळाचा स्वभावधर्म आहे. डोंगर जसा आपली जागा सोडीत नाहीं तशी तेथील हवाही आपला गुण सोडीत नाहीं. आणि तेथें जाणारा रोगी आपला देह तेवढा घेऊन जातो, दुसरें कांहीं नेत नाहीं. हें तत्त्व कितपत टिकाऊ आहे याची कसोटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांत लागली. विषय दिसावयास शिंकांचा व चोंदलेल्या नाकाचा आहे, आणि गंभीर वृत्तीच्या वाचकास तो इतिहासाच्या योग्यतेचा वाटणार नाहीं. परंतु मनुष्य एखाद्या भूमींत वस्तीस जातो तेव्हां तो ती भूमि कशी पालटतो, आणि पालटलेली भूमि त्यास उलट काय देते, हें या शिंकांच्या इतिहासांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

ज्या दुखण्यामुळें हा इतिहास घडला त्यास इंग्रजींत 'हे फीव्हर' व आपल्याकडे परागज्वर म्हणतात. नांवांत ज्वर असला तरी या दुखण्यांत ताप येत नाहीं. वर्षाचा ठराविक काळ आला कीं डोळे खाजूं लागतात, शिंकांवर शिंका येतात, नाक वाहतें व मग चोंदतें. नाकाभोवतालच्या हाडांतील पोकळ्यांचीं तोंडें सुजेनें बुजलीं म्हणजे कपाळ व गाल जड होऊन ठणकूं लागतात. जॉन बोस्टॉक नांवाच्या इंग्रज वैद्यानें १८१९ सालीं या दुखण्याची पहिली व्यवस्थित हकीकत लंडनच्या वैद्यकमंडळापुढें वाचली. तींतील रोगी तो स्वतःच होता. पुढें १८२८ सालीं त्यानें दुसरा निबंध लिहिला, तेव्हां इतक्या वर्षांच्या शोधानंतरही त्यास २८ रोग्यांचीच माहिती मिळाली होती. दुखण्याचें कारण म्हणून त्यानें उन्हाळ्याच्या उष्म्याकडे बोट दाखविलें. खरें कारण मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यानें १८७३ सालच्या ग्रंथांत सिद्ध केलें. गवताचे पराग त्यानें स्वतःच्या नाकांत व त्वचेवर घालून पाहिले, आणि चिकट कांचा पतंगास बांधून उंच हवेंतूनही पराग धरून आणले. तोही परागज्वराचाच रोगी होता. या रोगाच्या संशोधनांत रोगी व संशोधक हे वारंवार एकाच देहांत वास करतांना आढळतात.

अमेरिकेंत याच सुमारास मॉरिल वायमन या वैद्यानें शरद् ऋतूंत होणाऱ्या अशाच दुखण्याचा अभ्यास चालविला होता. तें दुखणें न्यू इंग्लंडच्या सखल भागांत फार, पण व्हाइट मौंटन्स या डोंगरांत जाऊन राहिल्यास थांबतें, असा त्याचा अनुभव होता. एकदां त्यानें रॅगवीड नांवाच्या रानटी वनस्पतीची एक पुडी केंब्रिजहून त्या डोंगरांत नेली. ती उघडून हुंगतांच त्यास व त्याच्या मुलास निर्मळ डोंगरी हवेंतच शिंकांनीं गांठलें. ही हकीकत १८७२ सालीं त्याच्या ग्रंथांत प्रसिद्ध झाली. डोंगराची हवा औषधी आहे कीं तींत एक वनस्पति नाहीं एवढेंच तिचें औषध आहे, हा प्रश्न त्या पुडीनें उभा केला. परंतु लोकांनीं तो मनावर घेतला नाहीं. १८७४ सालीं न्यू हॅम्पशरांतील बेथलेहेम या गांवीं परागज्वरी लोकांची एक संस्था स्थापन झाली, आणि सुखवस्तु शहरी लोक दर ऑगस्टांत त्या डोंगरांकडे धांव घेऊं लागले. त्यांच्यासाठीं हॉटेलें झालीं, सडका झाल्या, रान तुटलें. आणि रॅगवीड ही उकरलेल्या जमिनीवर आवडीनें रुजणारी वनस्पति असल्यानें तीही त्यांच्यामागून डोंगर चढूं लागली.

मग अधिक दूरची जागा शोधणें प्राप्त झालें, आणि ती आगगाडीनें दाखविली. १८८० सालीं आगगाडी न्यू मेक्सिकोंतील आल्बुकर्की शहरीं पोहोंचली. त्याच सालीं दुसऱ्या कंपनीचे रूळ ॲरिझोनांतील टूसॉनपर्यंत गेले. आल्बुकर्की समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांवर, तर त्याच प्रांतांतील सांता फे सुमारें ७,००० फुटांवर आहे. आल्बुकर्कीस वर्षाचा पाऊस जेमतेम ९ इंच पडतो. टूसॉन उंचीनें कमी, सुमारें २,४०० फूट, परंतु ऊन व रुक्षता यांत तें हार जाणारें नाहीं. प्रथम आले ते क्षयरोगी. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो या प्रांतांत त्यांच्यासाठीं आरोग्यधामें निघालीं. क्षयाच्या मागोमाग दमेकरी व परागज्वरी आले. पिकांस पाणी नाहीं व खाणी केव्हां संपतील याचा नेम नाहीं, अशा गांवांना हवा हा एकच न संपणारा जिन्नस वाटला, आणि तो विकण्याची त्यांनीं रीतसर व्यवस्था केली. टूसॉनच्या व्यापाऱ्यांनीं तर १९२२ सालीं केवळ आपल्या सूर्यप्रकाशाची व हवेची जाहिरात करण्यासाठीं एक मंडळ काढलें.

हा सर्व व्यापार फसवणुकीचा होता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. घराच्या धुळींत राहणारे जे सूक्ष्म माइट नांवाचे जीव पुष्कळांच्या दम्यास व पडशास कारण होतात, ते ओलाव्यावर जगतात; उंच व कोरड्या प्रदेशांत त्यांचा निर्वाह कठीण होतो. बुरशीही तेथें कमी. म्हणून दमट बंदरांतून आलेल्या कित्येकांस तेथें खरोखरच बरें वाटलें. परंतु त्याच कोरडेपणाची दुसरी बाजू जाहिरातींत छापली जात नसे. आंत घेतलेली हवा ओली व ऊबदार करून फुफ्फुसांकडे पाठविणें हें नाकाचें काम आहे. हवा अतिशय कोरडी असली कीं नाकांतील पातळ श्लेष्मा सुकतो, धूळ व पराग बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांची गति मंदावते, खपल्या धरतात, रक्त येतें. ज्या नाकाची सूज आधींच ओसरलेली नाहीं त्यास वाळवंटांतील वसंताचा धुळकट वारा हा शत्रूच होय. तेव्हां तेथील हवा एका रोग्यास औषध व दुसऱ्यास कुपथ्य, अशी पहिल्यापासूनच होती.

परंतु खरा फेरबदल वस्तीनें घडविला. आल्बुकर्की व टूसॉन या दोन्ही शहरांची लोकसंख्या १९४० सालीं प्रत्येकीं सुमारें ३५ हजार होती. १९८० सालीं ती प्रत्येकीं ३ लक्ष ३० हजारांच्या घरांत गेली. हे नवे रहिवासी मुख्यतः हिरव्या प्रांतांतून आलेले. त्यांस वाळवंटाची हवा हवी होती, पण वाळवंट नको होतें. घरापुढें सावली असावी, पायांखालीं हिरवळ असावी, आणि खिडकींतून पाहतांना आपलें जुनें गांव आठवावें, ही इच्छा स्वाभाविक आहे. कोणीही परमुलखांत गेलेला मनुष्य ती समजूं शकेल. आल्बुकर्कीस क्लाइड टिंगली यांनीं शहराच्या कारभारांत असतांना सायबेरियन एल्म जातीचे वृक्ष ठिकठिकाणीं लावविले. थोड्या पाण्यावर झपाट्यानें वाढणारा हा वृक्ष त्या वाळवंटास वरदान वाटला. टूसॉन, फीनिक्स, लास व्हेगस, एल पासो इत्यादि शहरांत तुती व ऑलिव्ह यांची लागवड झाली. त्यांतही तुतीचा नरवृक्षच लोक मागून घेत. कारण त्यास फळें धरत नाहींत व अंगण डागाळत नाहीं. फळांचा केर नको म्हणून जो वृक्ष निवडला तो वृक्ष केवळ परागच देणारा आहे, हें झाड विकणाराच्या व घेणाराच्या ध्यानांत आलें नाहीं. तुतीचे पुंकेसर ताणलेल्या स्प्रिंगसारखे सुटतात व परागांस इतक्या जोरानें उडवितात कीं, २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें तो वेग ध्वनीच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक भरतो.

हिरवळीसाठीं जें गवत पेरलें तें तिकडे 'बर्म्यूडा ग्रास' या नांवानें ओळखतात. वाचकांस कदाचित् आश्चर्य वाटेल, पण हें गवत म्हणजे आपली हरळी, म्हणजेच गणपतीस वाहावयाच्या दूर्वा. आपल्या बांधावर जी शेतकऱ्यास छळते व देवघरांत मान पावते, ती वाळवंटांतील या शहरांत परागज्वराच्या प्रमुख कारणांपैकीं एक होऊन बसली आहे. याहून चमत्कारिक गोष्ट रशियन थिसलची. वाळून मुळापासून तुटणारें व वाऱ्याबरोबर गडगडत जाणारें हें झुडूप अमेरिकन पश्चिमेचें प्रतीक म्हणून शेंकडों चित्रपटांत दाखविलें गेलें आहे. प्रत्यक्षांत तें १८७० च्या दशकांत रशियांतून आलेल्या जवसाच्या बियांतून डकोटा प्रदेशांत शिरलें, आणि नांगरलेल्या शेतांतून व आगगाडीच्या रुळांच्या कडेनें गडगडत वाळवंटापर्यंत पोहोंचलें. ज्या मार्गानें रोगी आले त्याच मार्गानें त्यांचा रोगही आला. वायमननें एक पुडी नेली होती. या लोकांनीं अशा असंख्य पुड्या नेल्या, आणि त्या जमिनींत पेरल्या.

येथपर्यंतचा इतिहास ऐकून वाचक एक सोपा बोध काढील, कीं वाळवंट मूळचें निष्पाप होतें व माणसानें तें विटाळलें. हा बोध आम्हांस पुरता पटत नाहीं. न्यू मेक्सिकोच्या टेकड्यांवर जूनिपर नांवाचा, सुरूच्या कुळांतला ठेंगणा वृक्ष गोऱ्या माणसाच्या पूर्वींपासून उभा आहे. हिंवाळा सरतां सरतां त्याचा नरवृक्ष परागांनीं पिवळा पडतो, आणि मार्चच्या वाऱ्यांत त्याचे लोट ढगांसारखे उठतात. पुष्कळांस तेथें वर्षांतील पहिली शिंक याच मूळ रहिवाशामुळें येते. रानांतील सेजब्रशही शरदांत तेंच करतो. म्हणजे वाळवंट रिकामें कधींच नव्हतें; आगगाडीनें आलेल्यांनीं तें रिकामें मानलें, एवढेंच. परदेशी झाडांवर सगळा दोष ढकलणारी दृष्टि व निर्मळ हवेची जाहिरात करणारी दृष्टि, या दोहोंच्या पोटांत एकच भ्रम आहे. दोघीही त्या भूमीस कोरी पाटी समजतात.

तथापि झाडांचा उपद्रव खरा होता, आणि शहरांना त्याचा विचार करणें भाग पडलें. टूसॉन ज्या पिमा परगण्यांत आहे त्यानें १९८४ सालीं तुती व ऑलिव्ह यांच्या नव्या लागवडीस बंदी केली. १९९१ सालीं लास व्हेगसच्या परगण्यानें व १९९२ सालीं एल पासोनें तोच मार्ग धरला. आल्बुकर्कीनेंही त्याच दशकांत परागनियंत्रणाचा कायदा केला. या कायद्यांनीं नवें झाड लावण्यास प्रतिबंध झाला, पण लावलेलीं झाडें उभींच राहिलीं. तीं तोडा म्हणावें, तर १०० अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हांत सावली कोण देणार? ज्याच्या दारीं चाळीस वर्षांची तुती आहे तो वसंतांत तिला शिव्या देतो व जूनमध्यें तिच्याखालीं खुर्ची टाकून बसतो. झाड लावणें एका दिवसाचें काम असतें. तें लावण्याचा परिणाम मात्र पिढ्यान्‌पिढ्या भोगावा लागतो. कायदा हा त्या कालांतरास मागें वळवूं शकत नाहीं.

मग या रोग्यांच्या स्थलांतरानें जगास कांहींच दिलें नाहीं काय? दिलें, पण तें ज्या रूपानें मिळेल अशी अपेक्षा होती त्या रूपानें नव्हे. एक मैल उंचीवरील डेन्व्हर शहर वाळवंटांत मोडत नसलें तरी तेंही कोरड्या हवेसाठीं क्षयरोग्यांनीं गांठलेलें. तेथें १९०७ सालीं अशा रोग्यांच्या निराधार मुलांसाठीं एक आश्रयगृह निघालें. क्षयावर औषधें निघाल्यानंतर त्या संस्थेनें दमेकरी मुलांस घेतलें, व तिला जोडून संशोधनशाळा काढली. त्या संशोधनशाळेंत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें रॅगवीडच्या रोग्यांचें रक्त तपासून १९६६ सालीं इम्युनोग्लोब्युलिन ई या द्रव्याचा शोध लावला. जवळ जवळ त्याच काळीं स्वीडनमधील योहान्सन व बेनिख यांनींही तें स्वतंत्रपणें शोधलें. १९०६ सालीं फॉन पिर्के यानें 'ॲलर्जी' हा शब्द बनविला होता. त्या शब्दामागील यंत्रणा आतां हातीं लागली. रक्तांतील हें द्रव्य पराग हा शत्रु समजून शरीरास खोटी आरोळी देतें, आणि नाक त्या आरोळीवर धांवून जातें. दोष परागांत थोडा व पाहणाऱ्यांत अधिक, असें या शोधाचें तात्पर्य आहे. हवेच्या शोधार्थ निघालेल्यांच्या मुलांसाठीं बांधलेल्या घरांत, रोगाचें मूळ हवेंत जितकें आहे तितकेंच रोग्याच्या रक्तांत आहे, हें सिद्ध व्हावें, यांत इतिहासाचा एक न्याय आहे.

या ज्ञानानें पळण्याऐवजीं राहण्याची विद्या शिकविली. आजचा आल्बुकर्कीचा जाणता रहिवासी प्रथम आपल्या शरीराचा शत्रु कोण हें त्वचेवरील परीक्षेनें ओळखून घेतो; कारण फेब्रुवारी-मार्चमध्यें एल्म व जूनिपर, एप्रिलांत तुती, उन्हाळ्यांत गवत आणि ऑगस्टापासून रशियन थिसल व रॅगवीड असा तेथील परागांचा क्रम आहे. मे-जूनमध्यें कॉटनवुड झाडाची पांढरी म्हातारी हवेंत तरंगते व लोक सगळें खापर तिच्यावर फोडतात. पण ती बियांची रुई आहे, पराग नव्हे. त्याच दिवसांत फुललेलें गवत डोळ्यांस दिसत नाहीं म्हणून सुटून जातें. वाऱ्याच्या दिवशीं खिडक्या मिटणें, बाहेरून आल्यावर अंग व केस धुणें, वाळत घातलेले कपडे घरांत घेणें, हे साधे उपाय. नाकांत फवारावयाचीं स्टेरॉइड औषधें १९७० च्या दशकापासून प्रचारांत आलीं. तीं हंगाम सुरू होण्यापूर्वींच घेऊं लागल्यास गुण येतो, शिंक आल्यावर एखादा दिवस घेऊन येत नाहीं. नाक ताबडतोब मोकळें करणारे थेंब कांहीं दिवसांपलीकडे घेतल्यास सूज उलट वाढते. लंडनच्या लेनर्ड नूननें १९११ सालीं परागांचेंच अल्प-अल्प अंश टोंचण्याची जी पद्धति प्रसिद्ध केली ती सुधारलेल्या रूपांत अद्याप चालू आहे. ती तीन ते पांच वर्षें चालवावी लागते. आणि कोरड्या नाकासाठीं सर्वांत सोपा उपाय मिठाच्या कोमट पाण्यानें तें धुण्याचा. तो आपल्याकडील जलनेतीहून भिन्न नाहीं. मात्र पाणी उकळून निवविलेलें असावें. नळाचें कच्चें पाणी नाकांत घालणें क्वचित् प्राणघातक ठरतें. घर गार करण्यासाठीं ओल्या जाळीचा कूलर लावतांना देखील विचार करावा लागतो, कारण त्यानें घरांत आणलेला ओलावा माइटच्या पथ्यावर पडतो. स्वतःबरोबर काय आणलें हें विसरूं नये, हाच धडा येथें घरगुती रूपानें पुन्हा समोर येतो.

हा प्रश्न दूरदेशचा म्हणून महाराष्ट्रानें निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. अमेरिका खंडांत जन्मलेलें आणि रॅगवीडशीं जवळचें नातें असलेलें एक झुडूप १९५६ सालीं पुण्यांत आढळल्याची नोंद झाली. आज त्यास खेड्यांतील मूलही गाजरगवत या नांवानें ओळखतें. तें आयात गव्हाबरोबर आलें अशी लोकसमजूत आहे; तें कसेंही आलेलें असो, पडीक जमिनी, रेल्वेचे कडे व शहरांतील मोकळे प्लॉट त्यानें व्यापले, आणि त्याच्या स्पर्शानें त्वचा व परागानें नाक यांस पीडा होऊं लागली. आमच्या गांवची हवा चांगली, असें वडील माणसें जेव्हां सांगतात तेव्हां तीं खोटें बोलत नाहींत. त्यांच्या वेळची हवा वेगळी होती. हवा ही डोंगरासारखी स्थिर नसून शेतासारखी आहे. तींत पूर्वींच्या लोकांनीं जें पेरलें तें पुढच्यांच्या नाकांत उगवतें. म्हणून रस्त्याच्या कडेस कोणतें झाड लावावें, पडीक जमिनीवर काय माजूं द्यावें, हे प्रश्न नगरपालिकेच्या बागखात्यावर टाकून मोकळें होण्यासारखे नाहींत. ज्यांस हवापालटासाठीं दूर जातां येतें ते थोडे; उरलेल्या सर्वांस आहे त्याच हवेंत श्वास घ्यावयाचा आहे, आणि ती हवा घडविण्यांत त्यांचा वांटा आहे.